लोनबल्यांच्या घरचा पंप

जावयानं पाठवलेला कॉम्प्युटर ऊन चढलं की आपोआप बंद पडायला लागला, तेव्हा गुणवंतराव लोनबल्यांनी आधी त्याला आळशी ठरवलं. वनविभागाच्या लाकूड डेपोत हेडक्लार्की करण्यात त्यांची हयात गेली होती. उन्हं तापली की माणसं कामातून कसं अंग काढून घेतात, हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं. यंत्रानेही तेच करावं याचं त्यांना नवल वाटलं नाही, फक्त वाईट वाटलं.

कॉम्प्युटर दिसायला मात्र गोंडस होता. जावई हेमराज पुण्यात राहायचा आणि असली यंत्रं घरच्या घरी जुळवायचा त्याला नाद होता. लोकांकडे असतो तसला उभा, टेबलाखाली पायाला आपटणारा डबा नको म्हणून त्याने पापडाच्या डब्याएवढ्या पत्र्याच्या चौकोनात सगळं सामान कोंबून बसवलं होतं. स्वतःला नवीन यंत्र मिळाल्यावर त्याने हा डबा कॅमेऱ्यासकट सासुरवाडीला पाठवून दिला. पुण्यात तो सुखाने नांदलाही असेल. पण राजुऱ्याच्या अलीकडच्या या तालुक्याच्या गावात मे महिन्यात दुपारी नळाची तोटी धरली तर हाताला चटका बसतो. त्या डब्यात कॉम्प्युटरच्या मेंदूला श्वास घ्यायला जागा नव्हती. आतला इवलासा पंखा आधी भुंग्यासारखा ओरडायचा, मग किंचाळायचा, आणि मग पडदा काळा व्हायचा.

एरवी गुणवंतरावांनी त्यावर विणलेला रुमाल टाकून तो शोभेला ठेवला असता. पण पुण्यात त्यांच्या नातीचं बारसं ठरलं होतं. खरं तर लेकीचं, दिव्यानीचं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी चंद्रपूर जिल्ह्याचं नाव ऐकताच "उन्हाळ्यात? अजिबात नाही," असं सांगून टाकलं. हा आपल्या जिल्ह्याचा अपमान आहे असं गुणवंतरावांचं मत होतं, पण ते त्यांनी बनियन पिळता पिळता मांडल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंनी पुण्याला जायची तयारी केली. डिंकाच्या लाडवांचा डबा काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि पायाला प्लास्टर घालूनच त्यांना खोलीत परत यावं लागलं. घरचा फोन नुसता बोलण्यापुरता, म्हणून आता नात दिसायची ती त्या डब्यातूनच. आणि डबा तर ऊन पाहून झोपत होता.

संजीवनी कॉलनीत सल्ल्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. समोरच्या कलाबाई म्हणाल्या, "भाऊ, त्याच्यावर ओलं फडकं टाका. मी दह्यावर टाकत असते." नाक्यावरच्या सायकलवाल्याने वाळ्याची ताटी सुचवली. एका परिचिताने तर खिशातला कांदा काढून दाखवला आणि याच कांद्यामुळे आपल्याला आजवर लू लागली नाही, तेव्हा एक कांदा डब्यातही ठेवून पाहायला काय हरकत आहे, असं विचारलं. गुणवंतराव त्यावर हसले. तो माणूस गेल्यावर त्यांनी डब्याच्या वर एक कांदा ठेवला. सुगंधाबाईंनी तो उचलून भाजीत टाकला.

सल्ला द्यायला आले नाहीत ते फक्त शेजारचे केवळराम चिताडे. कॉलनीत जोडघरं होती, दोन घरांमध्ये एकच भिंत. केवळराम एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पलीकडून त्यांचा खोकला आला की इकडे गुणवंतरावांना नकळत थोडं सरकून जागा करून द्यावीशी वाटायची. पण एप्रिलपासून दोघांत अबोला होता. कॉलनीच्या सभेत गुणवंतरावांनी टिल्लू पंपावर भाषण केलं होतं. नळाला चोरून मोटर लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्याच्या गुंडात हात घालणं, असं ते म्हणाले. त्यांनी नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, फक्त भाषणभर ते केवळरामांकडे पाहत होते. पुढच्याच आठवड्यात पालिकेच्या पथकाने केवळरामांचा टिल्लू उचलून नेला.

शेवटी हेमराजनेच फोनवर उपाय सांगितला. "बाबा, पंख्याने भागणार नाही. मी पाण्याचं कूलिंग पाठवतो. एक छोटा पंप असतो, तो नळीतून पाणी फिरवतो. ते पाणी प्रोसेसरची उष्णता उचलतं, बाहेरच्या जाळीत आणून सोडतं, आणि परत आत जातं."

"विजेच्या सामानात पाणी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"ते बाहेर येत नाही, बाबा."

"आतापर्यंत आमच्या घरात जे जे पाणी बाहेर येत नाई म्हणून सांगितलं, ते बाहेर आलं, जावईबापू."

पार्सल आलं ते निळंशार होऊन. आतली रंगीत पाण्याची बाटली वाटेत फुटली होती. नळ्या, जाळी, पंप, सगळं नुकतंच रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसत होतं. ते बसवायला सुरेंद्रला बोलावलं. सुरेंद्रचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान होतं, आणि त्याचा स्वभाव असा की न पाहिलेल्या गोष्टींबद्दल त्याला जास्त खात्री असायची.

"टेन्शन नका घेऊ काका," तो जाळीकडे पाहत म्हणाला. "ट्रकचं रेडिएटर पाह्यलं नाई का? हे त्याचं पिल्लू हाये."

निळं पाणी सांडून गेलं होतं, म्हणून त्याने बॅटरीत घालायचं पाणी आणवलं. जाळी डब्यात मावेना, ती मागे खिळ्याला टांगली. पंप कसाबसा मावला, पण तो आतून पत्र्याला टेकला. पत्रा टेबलाला टेकला होता आणि टेबल भिंतीला. त्यानंतर सुरेंद्रने बटण दाबलं.

घुर्रर्रर्र!

सुगंधाबाई प्लास्टरसकट दचकल्या. "काय जी हे? मिक्सर लावला का?"

"हवा अडकली," सुरेंद्र म्हणाला. "नळीत बुडबुडा हाये. डबा तिरपा करा लागन."

त्याने डबा एका बाजूला कलता धरला, गुणवंतरावांनी दुसऱ्या बाजूने त्याच्या पाठीवर हलके थापटलं. दोघं बराच वेळ खोलीत तसे फिरत होते. डब्याला एक मोठी ढेकर आली आणि आवाज खाली बसला. पण गेला मात्र नाही. सुरेंद्रने डब्याखाली रबरी स्लीपरचे तुकडे सरकवले, त्यावर गोधडीची घडी दिली. आधी मिक्सर चालल्यासारखा आवाज येत होता, आता कफ झालेला माणूस घसा साफ करायच्या विचारात असल्यासारखा येऊ लागला. तो विचार काही संपत नव्हता.

पण यंत्र चाललं! सकाळी सहाला, हवेत जरा गारवा असताना लावलं तर ते छान चालायचं. पुण्याला बाळही त्याच वेळेला जागं असायचं. पहिल्याच दिवशी पडद्यावर एक इवलीशी टाच दिसली. कॅमेरा नीट धरेपर्यंत फोन तुटला, तरी सुगंधाबाई दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या, "टाच माझ्या आईवर गेली, बाप्पा."

आता अडचण एवढीच की पालिकेचा नळही सकाळी सहालाच यायचा.

त्याच आठवड्यात नळाची धार बारीक झाली. कलाबाईंच्या गुंडात पाणी थेंबाथेंबाने पडायला लागलं. आणि केवळरामांना रोज नळाच्या वेळेला भिंतीतून घुरघुर ऐकू येऊ लागली. त्यांनी आधी कान लावला. मग स्टीलचा गिलास भिंतीला लावून त्याला कान लावला. ज्या माणसाचा टिल्लू चारचौघांत गेला, त्याला भिंतीपलीकडून मोटरीचा आवाज आला की कसं वाटत असेल, हे ज्याचं त्याला ठाऊक. मनकर्णाबाई त्यांची बायको. त्या म्हणाल्या, "आपल्याले काय करा लागते?" पण केवळराम चपला घालून निघालेही होते.

दुसऱ्या दिवशी नळाच्याच वेळी पाणी खात्याचे ताजने साहेब दोन माणसं घेऊन दारात उभे राहिले. मागे कॉलनी होती. ताजने साहेब शांत आणि सभ्य गृहस्थ होते, आवाज न चढवता ते माणसाला कोपऱ्यात घेत. ते दाराशी थांबले, कान टवकारले आणि म्हणाले, "पंप हाये का घरात?"

आजवर गुणवंतराव खोटं बोलले नव्हते. "हाये, पण..."

"पाणी ओढते का?"

"फिरवते. पण..."

"विजेवर चालते?"

"आता कॉम्प्युटर विजेवर नाई तर का रॉकेलवर चालन, साहेब?"

त्यांनी सगळ्यांना आत नेऊन डबा दाखवला. ताजने साहेबांनी चष्मा लावला. त्यांना एक पंप दिसला, दोन नळ्या दिसल्या आणि नळ्यांतून जाणारं पाणीही दिसलं. "पाणी कोणतं हे?"

"बॅटरीचं."

"बॅटरीवर चालते," साहेबांनी पंचनामा लिहिणाऱ्याला सांगितलं, आणि मग थबकले. "पहिले वीज म्हणाले तुम्ही."

"पाणी बॅटरीत घालायचं, साहेब! चालते विजेवरच."

"बरं. मंग हे पाणी जाते कुठी?"

"कुठीच जात नाई. फिरून फिरून तिथंच येते."

ताजने साहेबांनी चष्मा काढला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "कुठीच जात नाई, तर पंप कशाले लावला, लोनबले साहेब?"

याला उत्तर होतं. हेमराजने ते दोनदा समजावून दिलं होतं. पण दारात सारी कॉलनी उभी असताना, कलाबाई रिकामा गुंड कमरेवर घेऊन पाहत असताना, ते उत्तर गुणवंतरावांच्या जिभेवर येईना. उष्णता, जाळी, मेंदू, असे सुटे शब्द तेवढे बाहेर पडले. "मेंदूले ताप चढला म्हणते," मागे कुणीतरी हळू आवाजात दुसऱ्याला सांगितलं.

"नियमात कॉम्प्युटर नाई," ताजने साहेब म्हणाले. "पण पंप हाये. मोठ्या साहेबांले विचारतो. तोवर सील."

पंप डब्यातून निघेना, म्हणून सगळा डबाच कापडात बांधून त्यावर लाख लावायचं ठरलं. पथकातला माणूस गाठीच्या भलत्याच बाजूला लाख ओतत होता. डेपोत हयातभर सील मारलेल्या गुणवंतरावांना ते पाहवेना. "तसं नाई," ते म्हणाले, "गाठ मधात घ्या. नाई तर खालून सुटते." त्यांनी स्वतः बोटाने जागा दाखवली. सील फार सुरेख बसलं. लोक पांगल्यावर त्यांना कळलं की आपल्याच नातीला आपण आपल्या हातांनी पक्कं बंद केलं.

बारसं दोन दिवसांवर आलं होतं. पालिकेत खेटे घालण्यात शुक्रवार गेला. मोठे साहेब चंद्रपूरला मीटिंगला होते. दुसऱ्या साहेबांनी पंपाची क्षमता विचारली, तिसऱ्यांनी सुगंधाबाईंच्या पायाची चौकशी केली आणि हळद लावायला सांगितलं. सगळे गोड बोलत होते. तेच गुणवंतरावांना जास्त लागलं. परत येताना त्यांनी मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीची वाट धरली.

घरी सुगंधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नंतर त्या भिंतीला धरून, एका पायावर, मागच्या अंगणात गेल्या. पलीकडे मनकर्णाबाई मिरच्या वाळत घालत होत्या.

"मनकर्णाबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या रिंकूचं बारसं झालं तेव्हा पाळणा कोणं बांधला होता?"

"तुम्ही, बाई."

"माझ्या नातीचा परवा हाये. मले तो दिसला असता, तर तेवढ्या डब्यातूनच दिसला असता. बाकी काही नाई." एवढं बोलून त्या आल्या तशा आत गेल्या.

भिंतीपलीकडे मग बराच वेळ मनकर्णाबाईंचा आवाज चालू राहिला. त्यात केवळरामांचा खोकला एकदाच आला आणि मध्येच थांबला.

शनिवारी सकाळी केवळरामांची स्कूटर गुणवंतरावांच्या फाटकापाशी उभी राहिली. "बसा," केवळराम समोर पाहत म्हणाले.

"कुठी?"

"पालिकेत. तक्रार मी केली होती. मीच वापस घेतो."

गुणवंतराव बसले. अबोला सुटला नव्हता, म्हणून वाटेत कुणी काही बोललं नाही. खड्डा आला की गुणवंतराव केवळरामांचा खांदा धरायचे आणि खड्डा संपला की सोडायचे.

"तक्रार वापस घेता येते," ताजने साहेबांनी शांतपणे सांगितलं, "पंचनामा नाई घेता येत."

"साहेब, तो पंप पाह्यला का तुम्ही?" केवळराम म्हणाले. "मी टिल्लू चालवला हाये. मले माहीत हाये पंप काय असते. टिल्लू लावला की सगळ्या गल्लीचे नळ खोकलते. कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या घरची तर बादलीच भरत नाई. यांचा पंप तर वाटीभर पाणी उचलू शकत नाई!"

"सगळ्या गल्लीचे?" ताजने साहेबांनी पेन उघडत विचारलं.

केवळरामांनी जीभ चावली. गुणवंतरावांना त्या क्षणी हसू यायला हवं होतं, एप्रिलपासून ते याचीच वाट पाहत होते. पण समोर आपल्या नातीसाठी भर कचेरीत तोंडघशी पडलेला म्हातारा उभा होता. "जुनी गोष्ट हाये साहेब," गुणवंतराव घाईने म्हणाले. "त्याचा दंड झाला. तो विषय बंद हाये."

शेवटी टाकीवरून घटकाभर नळ सोडायला लावून ताजने साहेब प्रात्यक्षिक पाहायला परत आले. डब्याचं सील फोडायला त्यांच्या माणसांना फार कष्ट पडले. पंप चालू करून केवळरामांनी नळाची तोटी उघडली, मग पंप बंद केला, परत चालू केला. धारेला काही फरक पडला नाही. पडणार तरी कसा? तेवढ्यात एकजण सांगत आला की हनुमान मंदिरामागे मोठी पाइपलाइन फुटली आहे आणि तिथे चार दिवसांपासून म्हशी बसतात. ताजने साहेबांनी तो रस्ता धरला. जाताना ते म्हणाले, "पण पाणी कुठीच जात नाई, हे काही मले पटलं नाई."

रविवारी संजीवनी कॉलनी लोनबल्यांच्या बैठकीत मावेना. सुगंधाबाई नव्या लुगड्यात, पाय स्टुलावर ठेवून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेच ते लाडवांचं स्टूल होतं आणि त्याच्यावर त्यांचा अजूनही राग होता. सुरेंद्र डब्यापाशी उभा होता. पडद्यावर पुण्याची बैठक उजळली, फुलांचा पाळणा दिसला, दिव्यानी दिसली, आणि सुगंधाबाईंनी पडद्यालाच हात लावला.

"आई! बाबा!" दिव्यानी म्हणाली. "तिकडून काय घुरघुर येतंय? इथं कुणाचं काही ऐकू येत नाहीये."

"पंप हाये बाई!" अख्ख्या बैठकीने एकदम सांगितलं.

हेमराज पुढे आला. "बाबा, पाच मिनिटं पंप बंद करा. आत्या नाव सांगेपर्यंत. तेवढा वेळ मशीन धरेल."

सुरेंद्रने पंप बंद केला. शांतता झाली. पण एवढे चेहरे, दिवे आणि बायकांची गर्दी पाहून बाळ बिथरलं आणि त्याने जो टाहो फोडला तो पंपाला लाजवणारा होता. आत्या वाकली, कानाशी कुर्र करून काहीतरी बोलली. बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. इकडे कुणालाच नाव कळलं नाही.

"काय ठेवलं जी?" सुगंधाबाई पडद्याकडे झुकल्या. "काय म्हणाली ती?"

"अजून एकदा सांगा!" केवळराम ओरडले, तिकीट न घेतलेल्या प्रवाशाला हाक मारावी तसे. बाळ आणखी जोरात रडायला लागलं. इकडे डबा तापत चालला. कलाबाईंनी सूप आणलं आणि वारा घालायला सुरुवात केली. मग मनकर्णाबाईंनी पदर, कुणी वर्तमानपत्र, कुणी पाट. "पंप बंद हाये, वाऱ्यानं काही होत नाई!" सुरेंद्र सांगत होता, पण वारा घालणाऱ्यांना थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. डब्यातून टूं टूं अशी धोक्याची घंटा वाजायला लागली.

गुणवंतरावांनी सुगंधाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. आवाज आला तर आला, पण पडदा काळा झालेला तिने पाहता कामा नये, असं वाटून त्यांनी स्वतः पुढे होऊन पंपाचं बटण दाबलं.

घुर्रर्रर्र.

पुण्याच्या बैठकीत बाळ रडता रडता थांबलं. त्याने एक हुंदका दिला, तोंड वासलेलंच ठेवलं, आणि जिकडून आवाज येत होता तिकडे डोळे फिरवले. मग त्याची मूठ सैल झाली.

"बंद नका करू बाबा!" दिव्यानी कुजबुजली. "राहू द्या, राहू द्या. ऐकतेय ती."

त्या संथ घुरघुरीत आत्याने नाव परत सांगितलं, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं. ओवी.

"ओवा?" कलाबाईंनी विचारलं. "चांगलं हाये. पोटाले बरं असते."

तेव्हापासून पुण्याहून रोज दुपारी फोन येऊ लागला की ओवी झोपत नाही, पंप लावा. दुपारी डबा नुसता चालावा म्हणून गुणवंतराव जाळीमागे ओलं फडकं टांगून ठेवायचे. नातीशी बोलायचं, तिला डेपोतल्या हत्तीच्या गोष्टी सांगायच्या, असं त्यांनी किती तरी ठरवून ठेवलं होतं. पण बोललं की ती जागी व्हायची. सुगंधाबाईंनी त्यांना खाकरायचीसुद्धा बंदी केली होती.

एकदा ते तसेच गप्प बसले असताना केवळराम आले. चपला त्यांनी अंगणातच हातात घेतल्या होत्या. पडद्यावर झोपलेला चेहरा होता, ओठांवर दुधाचा थेंब.

"झोपली का जी?" केवळरामांनी कानाशी येऊन विचारलं.

गुणवंतरावांनी मान डोलावली आणि बाजेवर थोडं सरकून जागा करून दिली. केवळराम बसले. बाज करकरली, तसे दोघेही श्वास रोखून पडद्याकडे पाहू लागले. बाळाने ओठ हलवले, कूस बदलली, आणि परत झोपलं.